काच दिसते, लोखंड वाजतं

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बघायला आलेला माणूस आधी काचेकडे बघतो. त्यात वावगं काही नाही. तापलेल्या हीटरचा तो नारिंगी उजेड दिसला की माझंही मन अजून तिथे रेंगाळतं. पण त्या उजेडापायी लोक भलत्या ठिकाणी पैसे घालतात, हे मी फार वर्षं पाहत आलोय. म्हणून कुणी ‘काका, कमी पैशात ट्यूब अ‍ॅम्प कोणता घेऊ?’ असं विचारलं, तर मी लगेच नाव सांगत नाही. वाजवणार कुठे, आणि घरात अर्थिंग धड आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारतो. हेडफोनसाठी हवा असेल तर तिसरा प्रश्न: हेडफोन किती ओहमचा?

माझं काम दुरुस्तीचं. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास आयुष्य गेलं. ज्या मास्तरांच्या हाताखाली शिकलो ते रेडिओवाले. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ तेव्हा अजून घराघरांतून दुरुस्तीला येत. पुढे मांडववाल्यांचे मोठे अ‍ॅम्प्लिफायर आले. गणपतीच्या आधीचा महिना त्यांच्यातच जायचा. ट्रान्झिस्टरनं हे सगळं मागे सारलं आणि माझ्याकडच्या व्हॉल्व्हच्या खोक्यांवर धूळ बसली. मग गिटारवाली मुलं यायला लागली. त्यांचे अ‍ॅम्प उघडले तर आत सगळं ओळखीचं. रेडिओत असायचा तोच ईएल८४, तसाच अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब, तसेच कंडेन्सर. फरक एवढाच, की रेडिओत आवाज फाटू नये म्हणून आम्ही धडपडायचो आणि ही मुलं तो नेमका कसा फाटतो यावर जीव टाकत होती. हेडफोनवाले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. त्यांची दुनिया वेगळी, पण अडचणीचं मूळ पुष्कळदा तेच निघतं.

स्वस्त अ‍ॅम्प समजून घ्यायचा असेल तर फेंडरचा जुना चॅम्प डोळ्यांसमोर ठेवावा. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पमध्ये व्हॉल्व्ह तीनच. १२एएक्स७ गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतो, ६व्ही६ स्पीकर हलवतो आणि ५वाय३ एसीचा डीसी करतो. आवाजाचं एकच बटण, आठ इंची स्पीकर, ताकद पाच वॅटच्या आसपास. शिकणाऱ्या मुलांसाठी केलेला हा अ‍ॅम्प. एरिक क्लॅप्टननं १९७०मध्ये ‘लैला’च्या अल्बमसाठी चॅम्पच वापरला होता. नंतरचे बहुतेक स्वस्त पाच वॅटवाले याच घराण्यातले आहेत. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर घ्या किंवा बुगेराचा व्ही५ घ्या, पुढे एक १२एएक्स७ आणि मागे एक ईएल८४. एसीचा डीसी करायला व्हॉल्व्हऐवजी डायोड.

सर्किट जवळजवळ एकच, व्हॉल्व्ह एकाच जातीचे. मग दोन अ‍ॅम्पच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक कशानं पडतो? नावाचा भाग असतो, पेटीच्या लाकडाचा असतो, हातानं सोल्डरिंग केलंय की छापील बोर्ड आहे त्याचा असतो. पण कानाला कळेल असा मोठा भाग लोखंडाचा असतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा. व्हॉल्व्हला व्होल्टेज भरपूर लागतं, करंट थोडा चालतो. स्पीकरचं बरोबर उलट. या दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ६व्ही६ला साधारण ५००० ओहमचा भार मानवतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. म्हणून वेढ्यांचं प्रमाण पंचवीसास एक ठेवतात: पंचवीसचा वर्ग ६२५, त्याला आठनं गुणलं की ५०००. कागदावर हे सोपं आहे. पण एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या अ‍ॅम्पमध्ये या ट्रान्सफॉर्मरमधून सिग्नलबरोबर डीसी करंटही सतत वाहतो. त्यानं लोखंड आधीच अर्धं भरलेलं असतं. म्हणून स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे लोखंडाच्या पत्र्यांच्या थप्पीत, मुद्दाम फट ठेवावी लागते आणि फट ठेवली की लोखंड जास्त घालावं लागतं. पैसे वाचवायचे झाले की कारखानदाराचा हात पहिल्यांदा इथेच आखडतो, कारण बाहेरून ते दिसत नाही.

कॉलेजातला एक मुलगा असाच एक पाच वॅटचा अ‍ॅम्प घेऊन आला होता. तक्रार अशी, की वरच्या तारा छान बोलतात, जाड तार मात्र पिठासारखी भुसभुशीत होते. त्यानं तोवर व्हॉल्व्हचे तीन-चार संच बदलून पाहिले होते. जुने, परदेशी, लिलावातून महाग घेतलेले. मी अ‍ॅम्प उघडून आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच्या तळहातावर ठेवला. काड्यापेटीहून जरासाच मोठा. गिटारची जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झवर बोलते आणि एवढ्याशा लोखंडाला त्या खालच्या स्वरात दम धरवत नाही. वाइंडिंगवाल्याकडून मोठ्या स्टॅम्पिंगवर, फट ठेवून, नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. त्यानं व्हॉल्व्हवर घातलेल्या पैशांपेक्षा खर्च बराच कमी आला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पबरोबर आलेलेच ठेवले. जाड तार उभी राहिली. त्या दिवसापासून कुणी दोन अ‍ॅम्पमध्ये अडकला असेल तर मी दोन्ही उचलून बघायला सांगतो. वजन हा काही पुरावा नव्हे, पेटी आणि स्पीकरचंही वजन असतंच. तरी एकाच मापाच्या दोन अ‍ॅम्पमध्ये एक बराच जड असेल तर त्यात लोखंड जास्त असण्याचा संभव मोठा. मागची जाळी काढता येत असेल तर दोन्ही ट्रान्सफॉर्मर, आउटपुटचा आणि मेनचा, डोळ्यांनी बघावेत.

आता जागेचं. कोथरूडच्या एका सोसायटीत राहणारा, नोकरीला लागलेला तरुण माझ्याकडे आला तेव्हा ५० वॅटचं हेड आणि चार स्पीकरची पेटी घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. सेकंडहँड, पण स्थिती चांगली. वाजवणार कुठे, तर बेडरूममध्ये. मी त्याला फळ्यावर हिशोब मांडून दाखवला. वॅट दुप्पट झाले की आवाज तीन डेसिबलनं वाढतो, दहापट झाले की दहा डेसिबलनं, आणि कानाला दहा डेसिबल म्हणजे साधारण दुप्पट आवाज वाटतो. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या दहापट नाही, दुपटीनं मोठा वाजतो. आणि पाच वॅट म्हणजे किती? एका वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा साधा गिटार स्पीकर पाच वॅटला १०२ डेसिबल देतो. बंद खोलीत हा आवाज दहा मिनिटंसुद्धा सोसवत नाही आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा नक्की खाली येतात. व्हॉल्व्ह ज्या टोकाला गोड फाटतो ते टोक पाच वॅटच्या अ‍ॅम्पलाही घरात गाठता येत नाही. ५० वॅटचा अ‍ॅम्प घरात कायम एक-दीडवरच राहणार, म्हणजे ज्यासाठी तो घ्यायचा ते कधी ऐकूच येणार नाही.

त्यानं पाच वॅटचा घेतला, पाठीमागे ताकद कमी करायचं बटण असलेला. बुगेराच्या व्ही५ला तसं बटण आहे. पाच, एक आणि एक दशांश वॅट. एक दशांश ऐकून लोकांना ती थट्टा वाटते, पण रात्री दार लावून वाजवणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. ब्लॅकस्टारचा एचटी-१ तर मुळात एक वॅटचाच आहे आणि तो घरापुरता अगदी पुरेसा होतो. स्टेजवर ड्रमसोबत वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पंधरा वॅट लागतात. फेंडरचा ब्लूज ज्युनिअर किंवा व्हॉक्सचा एसी१५ यांचा वर्ग. त्याच्यावर जायची गरज मी फार थोड्यांना पाहिली, कारण आता बऱ्याच ठिकाणी अ‍ॅम्पसमोर माइक असतोच.

इतकी वर्षं व्हॉल्व्ह हाताळून त्याच्या आवाजात नेमकं काय आहे, हे मला एका गाणाऱ्या माणसानं शिकवलं. ते शास्त्रीय गाणारे, शेजारच्या इमारतीत शिकवायचे आणि मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले होते. माझ्या टेबलावर एका पॉवर व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प सिग्नल जनरेटरला जोडलेला होता आणि एकच सूर वाजत होता. मी आवाज हळूहळू वाढवत गेलो, तसे ते थबकले. म्हणाले, ‘थांबा. आता याच्यात वरचा सा मिसळला.’ ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर खरंच दुसरा हार्मोनिक उठला होता, म्हणजे दुप्पट कंपनांचा, बरोबर तार षड्ज. मग मी दोन पॉवर व्हॉल्व्हचा, पुश-पुल जातीचा अ‍ॅम्प लावला आणि तोही तसाच ताणला. पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक एकमेकांना काटतात आणि तिसरा वर येतो. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, ‘इथे पंचम आहे.’ तिप्पट कंपनं म्हणजे तार सप्तकातला पंचमच. तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांचा कान तयार झालाय, त्यांना जे ऐकू आलं ते मी तोवर फक्त मीटरवर वाचत होतो. तेव्हापासून पाच वॅटवाल्यातला ऊबदारपणा आणि पंधरा वॅटवाल्यातली धार, यांचा फरक मी गिऱ्हाइकाला सा आणि पंचमातच सांगतो. मराठी मुलांना तो लगेच पोहोचतो, अगदी ज्यांनी कधी गाणं शिकलेलं नाही त्यांनाही. त्यातलं चांगलं कुठलं, असं विचारलं तर उत्तर नाही. एकटा सुटा वाजवणाऱ्याला पहिला आवडतो, कॉर्ड जोरात ओढणाऱ्याला दुसरा.

अर्थिंगचा प्रश्न मी का विचारतो ते आता सांगतो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मुलांनी रिहर्सलची खोली केली होती. गिटार वाजवता वाजवता माइकला ओठ लागला की झिणझिण्या यायच्या. दुकानात अ‍ॅम्प तपासला तर ठणठणीत. तिथे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की बोर्डाला तिसरी पिन होती पण तिच्यामागे तारच नव्हती. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात, चॅसी अर्थिंगला जोडलेली असते असं गृहीत असतं, आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारांवर असतात. अर्थिंग नसेल तर ती चॅसी अधांतरी राहते आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर सगळा दाब वाजवणाऱ्याच्या अंगावर येतो. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंगची तार ओढून घेतली. झिणझिण्या गेल्या आणि जी घरघर ते व्हॉल्व्हच्या माथी मारत होते तीही जवळजवळ गेली. अ‍ॅम्प घ्यायच्या आधी घरच्या सॉकेटवर मीटर लावून घ्यावा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर एक-दोन व्होल्ट. टेस्टरचा दिवा लागतो म्हणून अर्थिंग आहे असं समजू नये.

दुसरी वरचेवर येणारी केस म्हणजे अमेरिकेहून आलेला अ‍ॅम्प. मुलगा किंवा भाचा तिकडे असतो, तिथे सेकंडहँड बाजारात चांगला अ‍ॅम्प निम्म्या किमतीत मिळतो, बॅगेतून येतो. घरी आल्याबरोबर उत्साहात कुणीतरी पिन बदलून सरळ भिंतीत लावतं. तो अ‍ॅम्प १२० व्होल्टसाठी असतो. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर मेन ट्रान्सफॉर्मर जळतो आणि स्वस्तातला सौदा महाग पडतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालवता येतो, पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून पंधरा वॅट ओढत नाही. ब्लूज ज्युनिअरमध्ये दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ असतात; त्यांच्या नुसत्या हीटरलाच पंधरा वॅट जातात, आवाजाचा हिशोब त्यानंतर सुरू होतो. म्हणून स्टेपडाउन दोनशे व्हीएच्या आत घेऊ नये आणि त्याला अर्थिंग आरपार जायला हवं. दुसरं म्हणजे तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. फक्त ६०साठी काटकसरीनं केलेलं लोखंड इथे जास्त तापतं. मागच्या पट्टीवर ५०/६० असं छापलेलं असेल तर निर्धास्त राहावं. काही अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला २३०चे टॅप आतच काढलेले असतात, ते आधी विचारून घ्यावं. जपानी अ‍ॅम्प तर १०० व्होल्टचे.

उघडून बघणाऱ्यांसाठी मास्तरांचा नियम इथेच लिहून ठेवतो, कारण हल्ली व्हिडिओ बघून बरेच जण स्क्रू काढतात. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि मोजताना डावा हात खिशात. मास्तरांचा माझ्यावर ओरडा कधी बसला असेल तर तो यावरूनच. त्याच जोडीचा दुसरा नियम: स्पीकरची वायर काढलेली असताना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला ते चालतं. इथे भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. स्पीकरच्या भोकात हेडफोन खुपसणं तर दोघांचाही जीव घेणं.

हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हे प्रकरण मी उशिरा शिकलो. शिकताना गिटारवरचं सगळं उपयोगी पडलं नाही, कारण इथे आवाज फाटायला नको असतो. इथली खरी बाब म्हणजे ओहम. स्वस्तातले बरेच हेडफोन अ‍ॅम्प ओटीएल जातीचे असतात, म्हणजे त्यांत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसतो. महागडं लोखंड वगळलं म्हणून ते कमी पैशात बसतात आणि चांगलेही वाजतात, पण योग्य हेडफोनवर. डार्कव्हॉइसचा ३३६एसई हा त्यातला नावाजलेला. पुढे ६एसएन७ आणि मागे ६एएस७ किंवा ६०८० जातीचा दणकट व्हॉल्व्ह. हातानं जोडायचं किट हवं असेल तर बॉटलहेडचा क्रॅक.

ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे अशा अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असतो. समजा तो १०० ओहम आहे. सेनहायझरचा एचडी६०० हा ३०० ओहमचा हेडफोन; खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचे ओहम पाचशेपर्यंत चढतात. हिशोब केला तर तिथे आवाज जेमतेम एक डेसिबलनं उचलला जातो. कानाला ती ऊब वाटते, तबल्याचा बायाँ जरा भरून येतो. आता त्याच अ‍ॅम्पवर ३२ ओहमचा असा हेडफोन लावा की जो खर्जात साठपर्यंत चढतो. तिथे उचल जाते चार डेसिबलच्या जवळ, आणि वर हेडफोनच्या पडद्याला आवरायला अ‍ॅम्पचा हात पुरत नाही. बास घुमतो, गाणं मागे पडतं.

एक मुलगी हीच तक्रार घेऊन आली होती. पहिल्या पगारातून अ‍ॅम्प घेतलेला, लाकडी पेटी, वर दोन मोठे व्हॉल्व्ह, दिसायला देखणा. हेडफोन ३२ ओहमचा. तिला कुणीतरी व्हॉल्व्ह बदल म्हणून सांगितलं होतं आणि तिनं किमतीही काढून आणल्या होत्या. मी माझ्याकडचा जुना २५० ओहमचा बेयरडायनॅमिक तिला लावायला दिला. दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर दिसलं की अ‍ॅम्पमध्ये काही वाईट नाही. पुढे तिनं अ‍ॅम्प ठेवला आणि हेडफोन बदलला. उलटंही करता आलं असतं. तीच अडचण घेऊन आलेल्या दुसऱ्या एकानं हेडफोन ठेवला आणि अ‍ॅम्प विकला. साधा अंदाज असा ठेवावा, की अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या आठपट तरी हेडफोनचे ओहम असावेत. ओटीएलच्या बाबतीत इतकं जमलं नाही तरी २५०-३००च्या खाली उतरू नये. प्लॅनर जातीच्या हेडफोनचे ओहम सगळ्या स्वरांना सारखे राहतात, त्यामुळे बास फुगत नाही, पण ते करंट मागतात आणि तो ओटीएलकडे नसतो. कमी ओहमचाच हेडफोन असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प घ्यावा, नाहीतर हायब्रिड.

हायब्रिडबद्दल दोन शब्द. पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर, किंमत सगळ्यात कमी. चांगला केला असेल तर त्यात काही उणं नाही, गिटारमध्येही ऑरेंजचा मायक्रो टेरर हे त्याचं उत्तम उदाहरण. पण बाजारात असेही काही आहेत की ज्यांत व्हॉल्व्हला जेमतेम बारा-पंधरा व्होल्ट दिलेले असतात आणि बुडाशी नारिंगी एलईडी बसवलेला असतो, उजेडासाठी. मी उघडलेल्या काहींमध्ये एलईडी काढल्यावर व्हॉल्व्ह जवळजवळ अंधारात दिसत होता. त्या किमतीत नुसता ट्रान्झिस्टरचा चांगला हेडफोन अ‍ॅम्प जास्त स्वच्छ वाजतो, हे मी येणाऱ्याला तोंडावर सांगतो. पाच-सहा हजारांचं बजेट असलेल्या गिटारवाल्यालाही मी व्हॉल्व्ह घेऊ देत नाही. आजचे डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प शिकणाऱ्याला पुष्कळ पुरतात.

व्हॉल्व्ह मिळण्याची चिंता मात्र खरी आहे. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बीईएलचे, ईसीसी८३ आणि ईएल८४ आपल्याकडे मिळायचे आणि ते फार चांगले होते. जुन्या दुकानदारांकडे अजून कधीमधी निघतात. आता नवे व्हॉल्व्ह मुख्यत्वे तीन देशांतून येतात: स्लोव्हाकियातला जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीन. २०२२मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा माल अडला, तेव्हा महिनाभरात भाव कुठल्या कुठे गेले आणि माझ्याकडची कामं नुसत्या व्हॉल्व्हसाठी पडून राहिली. म्हणून गिटारचा अ‍ॅम्प घेताना १२एएक्स७, ईएल८४, ६व्ही६, ६एल६, ईएल३४ यांच्याबाहेर जाऊ नका असा माझा आग्रह असतो. हे कुठला ना कुठला कारखाना करतच राहील.

सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची गिटार न्यावी. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत वरच्या टोकाला चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, व्हॉल्व्ह मेला. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नये, पण आतली प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद करावा. लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हळूच टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटा वाजली तर तो बदलावा लागेल, पण तेवढ्यावरून सौदा सोडायची गरज नाही. अर्धा तास चालू ठेवावा आणि मेन ट्रान्सफॉर्मरजवळ नाक न्यावं. जळक्या वार्निशचा वास आला तर मात्र हात जोडून निघावं, कारण तिथे लोखंडाचाच प्रश्न आहे.

अलीकडे सांगलीहून एक शिक्षक आले होते. मुलांना गिटार शिकवतात, पाच वॅटचा अ‍ॅम्प आहे, शाळेच्या हॉलमध्ये कमी पडतो, म्हणून पंधरा वॅटचा घ्यायचा विचार होता. बजेट ओढाताणीचं. मी त्यांच्या अ‍ॅम्पची वायर त्यातल्या लहान स्पीकरमधून काढून माझ्या बारा इंची पेटीला लावली, ओहम जुळवून. हा स्पीकर त्यांच्या स्पीकरपेक्षा सहा डेसिबलनं जास्त बोलका. सहा डेसिबल म्हणजे पाच वॅटचे वीस केल्यासारखं. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. म्हणाले, ‘अहो, हा माझाच अ‍ॅम्प ना?’ पंधरा वॅटचा विचार तिथेच संपला. स्पीकर त्यांनी पुण्यातून नेला, पेटी गावातला सुतार अठरा मिलीमीटरच्या प्लायमधून करणार आहे. मापं मी काढून दिली आहेत. पाठ उघडी ठेवायची की बंद, हे अजून ठरायचंय; हॉलमध्ये मुलं दोन्ही बाजूंना बसत असतील तर उघडी ठेवा, असं मी त्यांना कळवलंय.